लाईन आली, पण गेम नाही आला

व्हिडिओ गेम बंद पडला की आमच्याकडे 'काय झालं' असं कोणी विचारत नाही. "शेवटी कोन खेळत होतं बे?" असं विचारतात. आरोपी ठरेपर्यंत यंत्राकडे कोणी बघत नाही, आणि ठरला की सगळे एकदम बघतात. काकाजींचं मत पडतं, दोन थापा हाना. शेजारचा पोट्टा सांगतो, उन्हात ठेवा, त्याच्या मोबाइलला फरक पडला होता. मोठेबाबांना गेम हा काय प्रकार आहे ते ठाऊक नसतं, पण तो बंद पडला याचं त्यांना अजिबात नवल वाटत नाही. या गर्दीत एक माणूस असा असतोच की ज्याच्या हातात न मागता पेचकस आलेला असतो. भ्यायचं ते याला.

माझं मत विचाराल तर गावाकडचे गेम बिघाडानं कमी आणि दुरुस्तीनं जास्त मरतात. इथं बहुतेक घरी असतो तो नागपूर-पुण्याला शिकलेल्या कोणाकडून सेकंडहँड आलेला प्लेस्टेशन ४. त्याचा तपास भिंतीपासून सुरू करायचा आणि सावकाश डब्यापर्यंत यायचं. पेचकसवाल्याला तोवर चहा द्यायचा, आणि तो संपला की आणखी एक.

भिंत म्हणजे स्विचबोर्ड. "बोर्डात लाईन हाये ना, चार्जर चालून राह्यला" हे ऐकून कधी फसू नका. मोबाइलचा चार्जर शंभर व्होल्टवरही गुमान चालतो. त्यापेक्षा होल्डरला दोन वायरी जोडून त्यात जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा. तो मंद जळला तर व्होल्टेज कमी. नुसता फडफडला तर सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या ढिल्या झाल्या आहेत. त्याच सॉकेटला रोज मिक्सर आणि इस्त्री लागत असेल तर त्या काळ्याही पडलेल्या असतील. आणि बल्ब एकाएकी पांढरा लख्ख पेटला, तर गेम राहू द्या, पळत जाऊन घराचा मेन स्विच पाडा. न्यूट्रल, म्हणजे लाईनची परतीची वायर, सुटला आहे.

मग वायर. साध्या आणि स्लिम प्लेस्टेशन ४ ला इंग्रजी आठाच्या आकाराची, दोन भोकांची वायर लागते. जुन्या टेपरेकॉर्डरची असते तीच. माळ्यावर एक हमखास सापडते, लावून बघायला काही पैसे पडत नाहीत. मूळ वायर टीव्हीच्या मागे पडलेली असेल तर ती हातात घेण्याआधी नीट बघा. सोयाबीनची पोती घरात आली की उंदीर येतात, आणि उंदरांना सोयाबीनच्या जोडीला तोंडी लावायला काहीतरी लागतं.

आता व्होल्टेजची गोष्ट. संध्याकाळी सातला सगळ्या गावाचे कुलर लागले की लाईट डिम होते आणि घरोघरी स्टॅबिलायझरची चर्चा सुरू होते. पण गेमच्या पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर डिम लाईटचं त्याला काही वाटत नाही. तो दीडशेवरही चालेल, तुमचा पंखा मात्र धड नाही चालणार. त्याला मारते ती जास्तीची लाईन. डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत, न्यूट्रल सुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट घराघरांत वाटले जातात, आणि ही वाटणी फार अन्यायाची असते: ज्या फेजवर लोड कमी, तिथं व्होल्टेज जास्त. म्हणजे ज्यानं कुलर, मोटार, हिटर सगळं लावून ठेवलंय तो वाचतो, आणि एक दिवा नि एक गेम लावून काटकसरीनं बसलेला जळतो.

अशा वेळी आत आधी जाते ती जास्तीचं व्होल्टेज अंगावर घेणारी व्हेरिस्टरची चकती, मग फ्यूज. इथं पेचकसवाला पुढे सरसावतो, कारण फ्यूजला तार बांधणं हा आपल्या सगळ्यांचा डीपीवरचा जुना अभ्यास आहे. त्याला तिथंच धरा. फ्यूज उडाला याचा अर्थ बहुधा पुढे काहीतरी शॉर्ट आहे. तार बांधली की फ्यूजऐवजी बोर्ड उडेल. शिवाय त्या सप्लायमध्ये एक जाड कंडेन्सर असतो, आणि त्यात सव्वातीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात. प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथंच असतात, हात लावणाऱ्याची वाट बघत. सप्लाय अख्खा बदलायचा. नवा घेताना जुन्यावरचा मॉडेल नंबर टिपून न्या. सुरुवातीच्या मॉडेलांत एकाला पाच पिना आणि दुसऱ्याला चार अशी गंमत आहे, आणि दुकानदार "बसते ना भाऊ" म्हणून कोणताही हातात देतो.

हे सगळं टाळायचा फुकटचा उपाय एकच: लाईन गेली की प्लग ओढायचा, आणि लाईन आल्यावर दहा मिनिटं थांबून लावायचा. पण लाईन आल्याबरोबर "आली आली" म्हणत धावणाऱ्या पोट्ट्याला दहा मिनिटं कोण थांबवणार?

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचं बटन बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये तो इतक्या चटकन बॅटरीवर येतो की गेमला लाईन गेल्याचं कळतही नाही. दुसऱ्या मोडमध्ये जरा उशीर होतो आणि गेम बंद पडतो. असं चार-सहा वेळा झालं की हार्ड डिस्कवरचं लिखाण बिघडतं. मग यूपीएस मोडच लावून ठेवावा ना? ठेवा, पण तो १८० व्होल्टच्या आसपास लाईनला नापास करून बॅटरी खायला लागतो. संध्याकाळभर बॅटरी गेमनं खाल्ली आणि रात्री पंखा थांबला, की गेमबद्दल आईचं मत कायमचं ठरतं.

आणि तो झिणझिण्यांचा प्रकार. टीव्हीच्या मागे हात घातला की झिणझिण्या येतात, आणि सगळे म्हणतात, एवढं चालतेच. यंत्राच्या अंगाला अर्थिंग नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन पिनांच्या यंत्राचं धातूचं अंग अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत असतं. टीव्ही आणि गेम दोन्ही चालू असताना एचडीएमआय केबल खुपसली की बारीक ठिणगी पडते आणि चित्र पाठवणारी चिप जाते. म्हणून केबल लावायची ती दोन्ही प्लग काढून, डिशची वायरही सोडवून. केबल ओढून काढायची नाही, डोकं धरून काढायची. त्या बारक्या तोंडात १९ पिना असतात, आणि एक वाकली तरी पडदा काळा.

आता कुठे डब्याकडे बघायचं, आणि तेही नुसत्या दिव्याकडे. काहीच पेटत नाही, आवाजही नाही: सप्लाय किंवा वायर. निळा दिवा धडधडतो आणि पांढरा होतच नाही: हार्ड डिस्क, सप्लाय किंवा मदरबोर्ड, आणि देवाचं नाव घ्यायला हरकत नाही. पांढरा स्थिर आहे पण चित्र नाही: आधी टीव्हीचा रिमोट घेऊन सोर्स बदला, मग केबल बदला, मग पोर्टात टॉर्च मारा. लाल: तापला आहे.

तापण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायलाच हवं, कारण यंत्र बनवणाऱ्यांनी पुस्तिकेत लिहिलंय की खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश असावं. हे वाचून चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या माणसानं काय करावं? पारा ४५ च्या वर जातो तिथं मार्चपासून जूनपर्यंत गेमला सुटीच द्यायला हवी, आणि शाळेलाही सुटी त्याच दिवसांत. मग कोणीतरी डोकं लावून कुलरचा झोत सरळ गेमवर सोडतं. खसाच्या ताट्यांतून येणारी ती दमट हवा, त्यात बोअरच्या पाण्याचे तुषार आणि त्यातला क्षार. तो क्षार आत बोर्डावर बसतो. कुलरनं खोली थंड होऊ द्या, गेम झोताच्या बाजूला ठेवा. मागे भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर जागा सोडा. आणि शोकेसमध्ये त्याच्यावर पसरलेला क्रोशाचा रुमाल काढा. तो काढण्याआधी ज्यांनी विणला त्यांची परवानगी घ्या, नाहीतर दुसरंच काही तापेल.

विदर्भाचा खास शत्रू कापूस. भाव येईल म्हणून पुढच्या खोलीत गंजी लावून ठेवलेला असतो, आणि त्याच खोलीत टीव्ही. त्याचे तंतू पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये दडपून बसतात. पंखा विमानासारखा ओरडायला लागला की समजायचं, आत गादी भरली गेली. वरून ब्लोअर मारून ते तंतू आणखी आत जातात. खरी सफाई उघडूनच होते, आणि त्यासाठी मधोमध भोक असलेला, चांदणीच्या तोंडाचा टी-८ किंवा टी-९ टॉर्क्स पाना लागतो. साध्या पेचकसानं स्क्रूचं डोकं घासलं की तो स्क्रू जन्मभर तिथंच. उघडल्यावर ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीनं अडवून धरा, मोकळा सोडला तर तो वाजवीपेक्षा जोरात फिरून स्वतःच खराब होतो. हीटसिंक काढलाच तर त्याच्या आणि चिपच्या मधली जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि नवी वाटाण्याएवढी लावा. पोळीला तूप लावायचा हात इथं चालत नाही.

उष्णतेचं प्रकरण एकट्या आपल्याकडचं नाही म्हणा. एक्सबॉक्स ३६० च्या लाल दिव्यांपायी मायक्रोसॉफ्टला २००७ च्या जुलैत वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली. तेव्हा लोक बंद पडलेला गेम टॉवेलात गुंडाळून चालू करायचे, म्हणजे आतली सोल्डर तापून पुन्हा चिकटेल. शिसं नसलेली सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळते. टॉवेलात तेवढी ऊब येत नाही, आपल्या मे महिन्यातही नाही. चालला तर दोन दिवस चालायचा.

डब्यातलं लिखाण बिघडलं असेल तर पेचकस लागतच नाही, बोट लागतं. गेम बंद करून पॉवरचं बटन दाबून धरा. एक बीप, आणि साधारण सात सेकंदांनी दुसरी. मग सोडा. सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायांची यादी, येतो आणि कंट्रोलर केबलनं जोडायला सांगतो. इथं निम्मं गाव हरतं, कारण केबल मोबाइलच्या दुकानातली तीस रुपयांची असते. ती नुसती चार्जिंगची, तिच्यातून डेटा जात नाही. बरोबर केबल मिळाली तरी कंट्रोलर मुका राहिला, तर त्याच्या पाठीवर एलटू बटनाजवळ बारीक भोक आहे, त्यात टाचणीनं पाच सेकंद दाबा.

यादीत पाचवा पर्याय, डेटाबेस पुन्हा बांधायचा: गेम आणि सेव्ह शाबूत राहतात, पहिला तोच करा. सहावा आणि सातवा सगळं पुसतात, सात नंबर तर सॉफ्टवेअरही नव्यानं मागतो. त्यासाठी पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस चालत नाही. त्यात पीएस४ नावाचं फोल्डर, त्याच्या पोटात अपडेट, दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि त्यात ती सॉफ्टवेअरची फाइल. पूर्ण इन्स्टॉलची फाइल एक जीबीच्या वर असते; अपडेटची छोटी फाइल घेऊन बसलात तर यंत्र ती नाकारतं. मोबाइलवर फाइल दोनदा उतरवली की नावाशेजारी कंसात आकडा चिकटतो, तो काढा. एवढ्या मोठ्या फाइलसाठी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, जिथं नेटवर्कच्या दोन कांड्या येतात तिथं मोबाइल ठेवून खाली यायचं, आणि माकडं आली की पुन्हा वर धावायचं.

हार्ड डिस्कच गेली असेल तर अडीच इंची, साडेनऊ मिलिमीटर जाडीची साटा डिस्क कोणत्याही लॅपटॉपवाल्याकडे मिळते. जुनी डिस्क दुसऱ्याच्या गेममध्ये लावून सेव्ह काढायचा प्रयत्न करू नका. तिच्यावरचा मजकूर त्या एकाच यंत्राला वाचता येतो. सीडीच्या ड्राइव्हचंही तसंच. तिचा कंट्रोलर बोर्ड आणि मदरबोर्ड जोडीनंच चालतात, दुसऱ्याची ड्राइव्ह तिच्या बोर्डासकट आणून बसवली तर फिरेल, वाचणार नाही.

कॅसेटवाला जुना गेम अजून ज्यांच्याकडे आहे त्यांना दोनच सूचना. कॅसेटला फुंकर मारू नका. फुंकरीतल्या ओलाव्यानं साठ पिनांवर हिरवट गंज चढतो. खोडरबर आणि अल्कोहोलचा बोळा फिरवा. आणि सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बसला म्हणून लावू नका. या गेमना बहुधा ९ व्होल्ट लागतात, आणि कित्येकांत पिनेच्या मधोमध मायनस असतो, सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये प्लस. अडॅप्टरवरचं ते गोल चित्र त्यासाठीच छापलेलं असतं.

एवढं करूनही नाही चाललं तर तालुक्याला न्यावं लागतं. एसटीत वरच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर घ्या. सोबत स्वतःची वायर, केबल, कंट्रोलर न्या. आत सीडी अडकली असेल तर दुकानात तीच पहिली सांगा, ती काढायचा स्क्रू खालून असतो. सीरियल नंबर मोबाइलवर टिपून ठेवा, आणि जुना पार्ट परत द्यायचा हे आधीच बोलून घ्या. "बोर्ड गेला" असं दुकानदारानं न उघडताच सांगितलं तर गेम उचला. त्यानं आधी मल्टिमीटर काढून सप्लायचे बारा व्होल्ट तपासले तर बसा, माणूस कामाचा आहे. पोहे मागवले तर तर्री कमी सांगा, हात पुसायला कपडा एकच असतो आणि त्यानंच तो हीटसिंक पुसणार आहे.