भागीदार आधी, आराखडा नंतर

"सगळ्यांना सोबत घेऊन" हे शब्द लोकांसाठीच्या जवळजवळ प्रत्येक प्रकल्पाच्या प्रस्तावात असतात. खाली संस्थांची बोधचिन्हंही असतात. पण प्रकल्प समजा वाचनालयाचा असेल, तर ते सुरू झाल्यावर चावी कोणाकडे राहणार, वीजबिल कोण भरणार आणि शेजाऱ्यांनी गर्दीची तक्रार केली तर त्यांच्याशी कोण बोलणार, ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. माझं ठाम मत आहे की भागीदारांची यादी आराखड्याच्या आधी व्हायला हवी. आराखडा पक्का करून माणसं शोधलीत तर सही करणारे मिळतील, काम अंगावर घेणारे मिळणार नाहीत.

यादी करताना "कोण मदत करेल?" इथून सुरुवात करू नका, कारण मग ओळखीचीच नावं येतात. कोणाच्या परवानगीशिवाय काम सुरूच होणार नाही? कोण ते अडवू शकतं? त्रास कोणाला होईल? निधी संपल्यावर कोण चालवणार? कोणाच्या शब्दावर लोक घराबाहेर पडतात? प्रत्येक उत्तरापुढे माणसाचं नाव लिहा, नुसतं संस्थेचं नको. जोडीला त्याच संस्थेतलं दुसरं नावही हवं. अधिकारी बदलतो, कार्यकर्ता सोडून जातो आणि तोंडी ठरलेलं त्याच्याबरोबर जातं.

मग प्रत्येक नाव दोन कसोट्यांवर तपासतात: निर्णयावर वजन किती आणि विषयाशी संबंध किती. पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यात एक मोठा धोका आहे. ज्यांचं वजन कमी पण ज्यांच्या आयुष्यावर सगळ्यात जास्त परिणाम होणार, ते "फक्त कळवा" या रकान्यात जाऊन पडतात. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात माहिती देणं तिसरी पायरी, मत विचारणं चौथी आणि भागीदारी थेट सहावी. आपल्याकडचे बहुतेक "सहभागी" प्रकल्प चौथीवर थांबतात आणि अहवालात सहावी लिहितात. हे मला मनापासून खटकतं.

मोठी बैठक लगेच बोलावू नका. भर सभेत एकदा विरोध केला की माणसाला मागे येणं अवघड जातं. आधी एकेकाला भेटा, विरोध करतील असं वाटतं त्यांना तर सगळ्यात आधी. सोबत एक पानाचं टिपण न्या. त्यात काय ठरलंय आणि काय अजून मोकळं आहे, हे वेगवेगळं लिहा. सगळंच ठरलं असेल तर मत विचारू नका, तो लोकांच्या वेळेचा अपमान आहे. तुम्हाला यातून काय हवंय, काय देता येईल आणि कशाला हरकत आहे, एवढं विचारा आणि ऐका. बैठकीची वेळ मजुरीवर जाणाऱ्यांना आणि घरातल्या लहानग्यांना सांभाळणाऱ्यांना जमेल अशी ठेवा. सूचनांपैकी काय घेतलं, काय नाही आणि का, हे पुढच्या बैठकीआधी कळवा. ते न कळवल्यामुळेच दुसऱ्या बैठकीला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

"बघू, मदत करू" हा होकार धरू नका. दोन पानांचा साधा लेखी करार पुरतो: कोण काय देणार, किती, कोणत्या तारखेपर्यंत, बँकेत कोणत्या दोघांच्या सह्या, सामान कोणाच्या मालकीचं, कोणी मध्येच बाहेर पडलं तर पुढे काय. देणगीदाराच्या अटी वापरणाऱ्यांच्या गरजेच्या आड येत असतील, तर रक्कम कितीही मोठी असो, तो पैसा नाकारा आणि प्रकल्प लहान करा.