रिपोर्टमध्ये काय निघालं?

लातूरमध्ये गेली एकोणीस वर्षे मी रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करतो. रक्त घेणे, नळीवर नाव आणि वेळ टाकणे, नमुना यंत्राला लावणे, रिपोर्ट छापून देणे, यावर माझे घर चालते. त्यामुळे अनावश्यक तपासण्या कमी व्हाव्यात असे मीच लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. तरीही लिहितो, कारण गेल्या पावसाळ्यात माझी मावशी शहरातल्या दुसऱ्या एका रुग्णालयात नऊ दिवस भरती होती आणि हा सगळा प्रकार मी पहिल्यांदाच लॅबच्या खिडकीबाहेर उभा राहून पाहिला.

मावशीला न्यूमोनिया झाला होता. अहमदपूरच्या डॉक्टरांनी आदल्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), साखर आणि लिव्हरच्या तपासण्या करून चिठ्ठीसोबत रिपोर्ट दिले होते. इथे ते फाइलच्या मागच्या खिशात गेले आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा झाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पाचव्या दिवशी ती भाकरी मागू लागली, तरी पहाटे पाचला रक्त घेणारा मुलगा येतच राहिला, कारण केसपेपरवर पहिल्या दिवशी ‘सीबीसी, इलेक्ट्रोलाइट्स, केएफटी – रोज’ असे, म्हणजे रक्तपेशी, रक्तातले क्षार आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या रोज करा असे, लिहिले गेले होते आणि ते खोडणे कोणाचेच काम नव्हते. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलि, लाल झाकणाच्या नळीत चार-पाच, आणि जांभळ्या नळीतले रक्त गोठले म्हणून मध्येच पुन्हा टोचणे. बेचाळीस किलो वजनाच्या बाईच्या अंगात रक्त असते जेमतेम पावणेतीन लिटर. आठव्या दिवशी तिचे हिमोग्लोबिन १०.४ वरून ९.१ वर आले होते. सगळी घट नळ्यांमुळे झाली असे मी म्हणणार नाही. सलाइनने रक्त पातळ होते आणि आजारपणात ते कमीही बनते. पण ही घट कशामुळे, हे शोधण्यासाठी लोह, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ यांच्या नावाने आणखी दोन नळ्या मागितल्या गेल्या, तेव्हा मात्र मी हात जोडले.

अशा वेळी लोक लगेच ‘कट’चा, म्हणजे डॉक्टरांच्या कमिशनचा, विषय काढतात. तो खोटा नाही. डॉक्टरांनी कमिशन देऊ-घेऊ नये हे २००२ च्या आचारसंहितेतच लिहिलेले आहे आणि २०१७ मध्ये आपल्या राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही केला होता, जो मसुदाच राहिला. मात्र मावशीच्या बाबतीत कोणी कमिशनसाठी काही केले असे मला वाटत नाही. तिथे सवय होती, ड्यूटीवरच्या नवशिक्या डॉक्टरांची ‘उद्या साहेबांनी विचारले तर’ ही धास्ती होती आणि नातेवाइकांची भीती होती. आपणही काही कमी नाही. दवाखान्यात आलेला माणूस ‘काय झालंय’ असे विचारत नाही, ‘रिपोर्टमधी काय निघालं’ असे विचारतो, आणि काहीच निघाले नाही म्हटले की पैसे वाया गेल्यासारखा त्याचा चेहरा पडतो.

खरे तर काहीतरी ‘निघणे’ फार सोपे आहे. रिपोर्टवर शेजारी छापलेली सामान्य मर्यादा साधारणपणे शंभरातल्या ९५ निरोगी माणसांना सामावून घेईल अशी ठरवलेली असते. म्हणजे पाच धडधाकट माणसे तिच्याबाहेर राहणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यातली किमान एक मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. मग सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये ठळक अक्षरांत छापलेला एखादा आकडा घेऊन माणूस सोलापूर नाहीतर संभाजीनगर गाठतो, यात नवल नाही.

आपल्याकडचा टायफॉइड हे याचे रोजचे उदाहरण. विडाल ही टायफॉइडविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिकारद्रव्ये पाहणारी १८९६ सालची तपासणी. जुना संसर्ग किंवा लस यांमुळेही ती पॉझिटिव्ह येते, त्यामुळे जिथे टायफॉइड नेहमीचाच आहे तिथे एका विडालवर निदान ठरवता येत नाही. त्यासाठी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहणे) घ्यावे लागते. ते तालुक्याच्या गावी सहसा होत नाही, झाले तरी दोन-तीन दिवस लागतात, आणि विडाल तासाभरात हातात येते. डेंगीच्या दिवसांत तर सगळा वॉर्ड ‘पेशी किती झाल्या’ यावरच चालतो. पेशी सकाळ-संध्याकाळ मोजल्या जातात. रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचे प्रमाण), म्हणजे रुग्णाला धोका आहे की नाही हे आधी सांगणाऱ्या गोष्टी, कोणी विचारत नाही.

यात आमची, म्हणजे लॅबवाल्यांची, चूक वेगळी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. प्रयोगशाळेतल्या बहुतेक चुका यंत्रात होत नाहीत, नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी होतात. बारीक सुईने ओढलेले रक्त सिरिंजमधून नळीत जोराने ढकलले की लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढते. एका रात्री असाच ६.३ चा रिपोर्ट माझ्या हातून गेला. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारे पिवळसर पाणी) पेशी फुटल्याने गुलाबी दिसत होते, मी ते पाहायला हवे होते, पण समोर चाळीस नमुने पडले होते. वॉर्डात धावपळ झाली, इंजेक्शन दिले गेले, आणि पुन्हा घेतलेल्या रक्तात पोटॅशियम ४.२ आले. कामाचे नमुने बिनकामाच्या नमुन्यांच्या गर्दीत सापडले की असे होते. तपासण्या कमी करा असे मी म्हणतो, त्यात पैशापेक्षा हे कारण मला मोठे वाटते.

सरसकट कमी करा, असे मात्र माझे म्हणणे नाही. ऊसतोडीला गेलेल्या कित्येक गर्भवतींचे हिमोग्लोबिन सहा-सहा महिने कोणी पाहत नाही, तिथे ते व्हायलाच हवे. तब्येत आणि आधीचे रिपोर्ट स्थिर असताना सीबीसी आणि इतर तपासण्या पुन्हा पुन्हा करू नयेत, ही सूचना अमेरिकेत रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्येच आपल्या सभासदांना केली आहे. त्यासाठी आपल्याला नवी यंत्रे लागणार नाहीत. केसपेपरवर ‘रोज’ लिहिण्याची मुभा काढावी आणि प्रत्येक तपासणीपुढे त्या दिवसाचे कारण लिहावे. क्रिएटिनिन हवे असेल तर पूर्ण केएफटी न मागता क्रिएटिनिनच मागावे. बाहेरगावचे रिपोर्ट भरतीच्या वेळी फाइलच्या पहिल्या पानावर लावावेत.

यातले पहिले दोन मुद्दे मी आमच्या रुग्णालयात लेखी दिले आहेत. फिजिशियन साहेबांनी त्याच दिवशी होकार दिला. व्यवस्थापनाचे उत्तर दोन महिने झाले तरी आलेले नाही. मधल्या काळात म्हाताऱ्या आणि अशक्त रुग्णांसाठी लहान मुलांच्या नळ्या वापरायला आम्ही सुरुवात केली आहे. आमच्या यंत्राला त्यातले अर्धा मिलि रक्त पुरते.