आईसाठी एक बाक

आमच्याकडे, शिकागोच्या वायव्य उपनगरांत, मे महिना लागला की घरोघरी आईवडील यायला लागतात. सहा महिन्यांचा मुक्काम. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग आम्ही सकाळपासून कॉलवर, मुलं त्यांच्या उद्योगात आणि आईवडील खिडकीपाशी. गाडी चालवता येत नाही, बस जवळपास नाही, पायी निघावं तर फुटपाथ मधेच संपतो. माझी आई पुण्यात रोज सकाळी तळजाईला जाणारी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी तिने टेकडी सोडली नाही. इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाली, "अगं, एवढी घरं आहेत, पण माणूस कुठे दिसत नाही गं."

तिला त्या खिडकीपासून उठवलं ते कुक काउंटीच्या (म्हणजे शिकागो ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या) फॉरेस्ट प्रिझर्व्हने, म्हणजे राखीव जंगलाने, म्हणून ही पोस्ट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पन्नास लाखांहून जास्त वस्तीच्या या काउंटीने जवळजवळ ७०,००० एकर जमीन जंगल, गवताळ माळ आणि पाणथळ म्हणून राखून ठेवली आहे. काउंटीच्या एकूण जमिनीच्या ती साधारण ११ टक्के भरते. १९१४ साली लोकांनी मतदान करून हे खातं उभं केलं, आणि १९१६ साली पहिली जमीन विकत घेतली ती आपल्या पॅलटाइनजवळची, डियर ग्रोव्हची. आत जायला तिकीट नाही, पार्किंगला पैसे नाहीत. सकाळी उजाडल्यावर जा, सूर्य मावळायच्या आत परत या.

शॉमबर्गला राहणाऱ्यांनी यातलंच एक, बसी वुड्स, बाहेरून तरी पाहिलेलं असतंच. हिगिन्स रोडवरून जाताना कुंपणापलीकडे एल्क, म्हणजे इथली थोराड हरणं, दिसतात. १९२५ साली येलोस्टोनहून इथे एल्क आणले, तेव्हापासून तिथे कळप आहे. आईने पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती कुंपणाशी अर्धा तास उभी होती. "सांबरच की गं, पण केवढं थोरलं!" सप्टेंबरात नर ओरडायला लागला तेव्हा मी तिला उजाडता उजाडता घेऊन गेले. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून शिट्टीसारखा बारीक, लांबत जाणारा आवाज येतो. आई काही बोलली नाही, फक्त माझा हात घट्ट धरून उभी राहिली.

पण मला सांगायचंय ते एल्कबद्दल नाही. बाकाबद्दल आणि संडासाबद्दल आहे.

बसी वुड्सला डांबरी वाट आहे. पूर्ण फेरी बारा किलोमीटरच्या आसपास होते. आई त्यातला एकच तुकडा चालायची, पण सपाट वाट, मधे टेकायला जागा, गाडी लावायच्या ठिकाणी संडास, एवढं असल्यामुळे ती रोज जायला तयार असायची. तेवढ्या चालण्यात तिच्या ओळखीही झाल्या. एक पंजाबी आजोबा, रोज गळ टाकून बसणारे एक पोलिश काका. भाषा कुणाचीच कुणाला धड येत नव्हती, तरी ती घरी येऊन त्यांच्या बातम्या सांगायची.

मग एका रविवारी मी हौसेने तिला दुसऱ्याच एका जंगलात घेऊन गेले. नाव लिहीत नाही, कुणावर राग काढायचा नाहीये. वाट सुरेख होती, ओकची जुनी झाडं होती. वीस मिनिटं चालल्यावर आईला बसायचं होतं, आणि कुठे बाक नव्हता. एका पडलेल्या ओंडक्यावर मी तिला कशीबशी टेकवलं, पण गुडघा वाकेना. परत आलो तर संडासाला कुलूप. पुढचं लिहीत नाही. पासष्ट वर्षांच्या बाईला मुलीसमोर जे होऊ नये ते झालं. त्यानंतर दोन आठवडे ती घराबाहेर पडली नाही. "मला नाही जायचं," एवढंच म्हणायची.

त्या दोन आठवड्यांत माझं मत पक्कं झालं. जंगलाबद्दल कळकळ असलेले माझ्या ओळखीचे काही जण म्हणतात, पैसा आधी झाडांना द्या, बाक, संडास, माहिती द्यायला बसलेली माणसं हे नंतर बघू. मला हे पटत नाही. या खात्याच्या १९१३ च्या कायद्यात जंगल राखणं आणि लोकांचं शिक्षण, आनंद, करमणूक हे एकाच दमात लिहिलेलं आहे. आणि झाडांना पैसा येतो तरी कुठून? नोव्हेंबर २०२२ मध्ये या जंगलांसाठी मालमत्ता कर थोडा वाढवायचा का, असं मतपत्रिकेवर विचारलं होतं. दोन तृतीयांशाहून जास्त मतं 'हो' पडली. ही सगळी मतं काही दुर्बीण घेऊन पक्षी बघणाऱ्यांची नव्हती. त्यात सायकलवाले असणार, गळ टाकणारे असणार, झाडाखाली नातवाचा वाढदिवस केलेले आजीआजोबा असणार. ज्याला जंगलात दोन तास नीट बसता आलं, तोच त्याच्यासाठी खिशात हात घालतो.

आईला पुन्हा बाहेर काढलं ते नेचर सेंटरने. बॅरिंग्टनकडच्या क्रॅबट्रीला गेलो होतो, जुलै महिना, जांभळट फुलांचे ताटवे उभे होते. तिथल्या निसर्ग-मार्गदर्शक मुलीने आईला एका झुडपाचं पान न तोडता बोटांत चोळून बघायला सांगितलं. आईने बोटं नाकाशी नेली आणि जवळजवळ ओरडलीच, "ओवा!" ते वाइल्ड बर्गमॉट. ओव्यातलं थायमॉल त्याच्यातही असतं, म्हणून वास तसा. मग मी दुभाषी झाले. पोट दुखल्यावर ओवा कसा चावून खातात हे आईने सांगितलं. इथले मूळ रहिवासी हे पान औषधाला वापरत आलेत असं त्या मुलीने सांगितलं. आई घरी येईपर्यंत बोटं हुंगत होती. फलक कितीही छान असता तरी हे झालं नसतं. तिथे माणूस होता म्हणून झालं.

आता आपल्या लोकांशी थोडं स्पष्ट बोलते. आपल्या उन्हाळी सहली याच जंगलांतल्या ग्रोव्हमध्ये, म्हणजे सहलीसाठी राखलेल्या मोकळ्या जागांत, होतात. मिसळ, क्रिकेट, संगीत खुर्ची, सगळं मस्त. पण गेल्या वर्षी एका सहलीनंतर कागदी प्लेटा आणि उरलेला भात तळ्याच्या काठी पडलेला मी पाहिला. बदकांना घातला म्हणे. मी आणि माझा मुलगा तो उचलत बसलो. हे आपल्याला शोभत नाही.

आणि वर्षात एक शनिवार तरी या जंगलांत बकथॉर्न तोडायला या. युरोपातून आलेलं हे झुडूप सगळ्यांच्या आधी पालवतं, सगळ्यांच्या शेवटी गळतं, आणि त्याच्या सावलीत ओकची रोपं वर येत नाहीत. हातकरवत, कात्र्या, हातमोजे तिथेच मिळतात. आपण तोडायचं, मग प्रशिक्षण घेतलेला माणूस बुंध्यावर औषध लावतो. तीन तास काम झालं की चहाबिस्किटं खात मागे वळून बघायचं. सकाळी जिथे पाच फुटांपलीकडचं दिसत नव्हतं, तिथे ऊन जमिनीवर उतरलेलं असतं.

मी खात्याला पत्र पाठवलं आहे. त्या बाक नसलेल्या वाटेवर दर दोनशे पावलांवर एक बाक आणि वर्षभर उघडा राहणारा एक संडास, एवढंच मागितलंय. ज्यांच्याकडे आईवडील येतात त्यांनी आपापल्या जवळच्या जंगलाबद्दल असंच पत्र पाठवा. मसुदा मराठीतून लिहिला असेल तर मला द्या, इंग्रजी मी करून देईन.

आई सध्या पुण्यात आहे. मार्च लागला की एल्कची शिंगं गळतात हे तिला इथे असतानाच कळलं होतं. काल फोनवर तब्येत, मुलं, हवा सगळं विचारून झालं आणि मग हळूच म्हणाली, "त्या मोठ्याची शिंगं पडली का गं?"

उद्या सकाळी बघून येते.