कोल्हीण, व्हॅम्पायर आणि उधारीची वही

(इशारा : पुस्तक जुनं, २००७ चं असलं तरी शेवट फोडणार आहे. वाचायचं असेल तर इथूनच मागे फिरा.)

आमचा पाच जणांचा वाचनाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात गेले दोन आठवडे पॅट्रिशिया ब्रिग्जच्या 'ब्लड बाउंड'वरून जे काही चाललंय ते पाहून शेवटी म्हटलं, इथेच लिहावं. तिकडे एक वाक्य टाकलं की चार व्हॉइस नोट येतात, आणि त्यातली एक नेहमी साडेसहा मिनिटांची असते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मर्सी थॉम्पसन ही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात फोक्सवॅगनचं गॅरेज चालवणारी बाई. इतिहासाची पदवी घेतलेली, पण पोट पान्यावर. तिला मनात येईल तेव्हा कायोटी होता येतं. कायोटी म्हणजे साधारण आपल्या कोल्ह्याच्या जातकुळीतला, अंगाने थोडा थोराड. शेजारी राहतो तो अॅडम, लांडगा-माणसांच्या टोळीचा म्होरक्या. पहिला भाग 'मून कॉल्ड' २००६ चा, दुसरा हा 'ब्लड बाउंड' २००७ चा. मालिका अजून चालू आहे.

ग्रुपमधल्या तक्रारी अशा. एक मित्र म्हणाला, "रूप बदलणाऱ्यांची मालिका म्हणून घेतली आणि दुसऱ्या भागात सगळे व्हॅम्पायरच. लांडगे अर्धं पुस्तक गायब." हे खरं आहे. अॅडम आणि सॅम्युअल (हाही लांडगा-माणूस, मर्सीचं जुनं प्रकरण) दोघेही मधेच बेपत्ता होतात. भाचीचं म्हणणं, मर्सी अॅडम की सॅम्युअल हे ठरवतच नाही, किती ताणायचं? तिसऱ्याने एका ओळीत निकाल लावला, "धारपांची सर नाही." त्याला मी उत्तर दिलं नाही. नारायण धारपांची सर कशालाच नसते असं म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

आता माझं मत. माझ्या मते हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा उजवा आहे, कारण तो रूप बदलण्याचा नाहीच. तो उधारीचा आहे.

हे मला कळलं कारण माझे वडील मिस्त्री. मिरजेत चाळीस वर्षं गॅरेज. लहानपणी शाळेतून आलो की पहिलं काम, ट्रेमधले पाने रॉकेलमध्ये धुऊन नंबराप्रमाणे लावून ठेवायचे. आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा. दहा-अकराचा नेहमी हरवलेला असायचा आणि नेहमी माझ्यामुळेच हरवलेला असायचा. भिंतीला खिळ्यावर सुतळीने एक लांबट वही टांगलेली. उधारीची. कोपरे ग्रीसने इतके काळे की पान उलटताना दोन पानं एकदम यायची. त्या वहीत पैसे थोडे आणि माणसं जास्त. अमक्याने क्लच प्लेट बसवून घेतली, पुढे ऊस गेला की देईल. तमक्याने आमच्या आजीला रात्री दवाखान्यात नेलं होतं, त्याच्या गाडीचे पैसे लावायचे नाहीत. हे दुसरं वहीत लिहिलेलं नसायचं, पण वडिलांना पाठ असायचं.

'ब्लड बाउंड' सुरू होतं ते मध्यरात्री वाजणाऱ्या फोनने. मर्सीला पहाटे उठून दुकान उघडायचंय, आणि फोनवर आहे स्टेफन. हा व्हॅम्पायर, तिचं गिऱ्हाईक आणि जवळपास मित्र. त्याची जुनी फोक्सवॅगन बस आहे, स्कूबी-डूमधल्या मिस्ट्री मशीनसारखी रंगवलेली. पहिल्या भागात त्याने तिच्यासाठी बरंच काही केलेलं असतं, आणि आता तो म्हणतो, माझं एक काम आहे. एका हॉटेलात दुसऱ्या व्हॅम्पायरला निरोप द्यायला जायचंय, तू कायोटी होऊन सोबत चल. ती जाते. का जाते? शूर आहे म्हणून नाही, प्रेमात आहे म्हणून तर मुळीच नाही. देणं आहे म्हणून जाते.

धंदा करणाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. नोकरी करणाऱ्या माझ्या मित्राला पटलं नाही. तो म्हणे, "सरळ नाही म्हणायचं ना." बाबा रे, असं नाही म्हणता येत.

हॉटेलात पुढे जे होतं ते मी दोन दिवस डोक्यातून काढू शकलो नव्हतो. लिटलटन नावाचा तो दुसरा व्हॅम्पायर नुसता व्हॅम्पायर नाही, त्याच्या अंगात सैतान भरलेला आहे. तो हॉटेलात साफसफाई करणाऱ्या बाईला मारतो, आणि स्टेफनच्या डोक्यात अशी आठवण भरतो की हे तूच केलंस. ते खोटं आहे हे एकट्या मर्सीला माहीत आहे, कारण तिच्यावर व्हॅम्पायरची जादू पूर्ण चालत नाही. आणि ती त्या वेळी काय आहे? पट्टा बांधलेलं एक जनावर. सगळं दिसतंय, कळतंय, आणि अंग कोल्ह्याएवढं.

बहुतेक वाचक मर्सीच्या लहान आकारावरच चिडलेत. लांडगा-माणसांचं रूपांतर हाडं मोडत, वेदनेने, मिनिटं मोजत होतं आणि शेवटी माणसाच्या वजनाच्या वर जाणारं धूड उभं राहतं. हिचं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं, पण होऊन होऊन काय होते, तर कायोटी. "एवढीशी ताकद असलेली नायिका कशाला?" असं भाची म्हणाली. मला तर तेच भावलं. आपल्याकडे रूप बदलणारं जे काही आहे ते बहुतेक भुलवायलाच रूप बदलतं. हडळ देखणी बाई होते, पावलं तेवढी उलटी. कोकणातला गिऱ्हा ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन पाण्याकडे नेतो. टीव्हीवरच्या इच्छाधारी नागिणींबद्दल तर बोलायलाच नको, त्यांचं अर्धं आयुष्य सूड घेण्यात आणि अर्धं मेकअपमध्ये. मर्सी कुणाला भुलवायला कायोटी होत नाही. ती होते कारण लहान जनावराकडे कुणी लक्ष देत नाही. कुंपणाखालून जाता येतं. आणि वेळ आली तर पळता येतं, हे तर सर्वात महत्त्वाचं.

या भागात हेही कळतं की तिच्यासारखे लोक एवढे थोडे का उरले. व्हॅम्पायरांनीच त्यांना वेचून मारलं, कारण या लोकांना भुतं दिसतात आणि व्हॅम्पायर जिथे दिवसा लपतो तिथे त्याने मारलेल्यांची भुतं घोटाळत असतात. म्हणजे पहिल्या भागात जी गोष्ट नुसती गंमत होती, भुतं दिसणं, ती इथे अचानक हत्यार होते. दुसऱ्या भागाने हेच करायला हवं, नाही का? नवीन राक्षस आणण्यापेक्षा जुन्याच सामानातून काहीतरी काढून दाखवायचं. तिने गळ्यात क्रॉसऐवजी कोकराचं पदक घातलंय, तेही असंच कामी येतं.

जागेबद्दल. मित्राची आणखी एक तक्रार, "शहरी फँटसी म्हणता आणि शहर कुठाय?" लंडन नाही, शिकागो नाही, तर ट्राय-सिटीज. केनेविक, पॅस्को आणि रिचलंड अशी तीन गावं, कोलंबिया, स्नेक आणि याकिमा या तीन नद्यांच्या संगमाजवळची. मी २०१९ मध्ये चुलतभावाकडे सिएटलला गेलो होतो तेव्हा हट्टाने त्याला गाडी काढायला लावली, तीन-सव्वातीन तासांचा रस्ता. (तो आजही टोमणे मारतो की लोक स्पेस नीडल बघतात, हा गॅरेज बघायला गेला. गॅरेज अर्थात नाहीच तिथे.) सिएटलला भुरभुर पाऊस होता. कॅस्केडचा घाट उतरलो आणि झाडं संपली. पिवळे, उघडे डोंगर, खुरटी झुडपं, मधेच पाटाच्या पाण्यावरच्या सफरचंदाच्या बागा. मला एकदम कोयनेकडून निघून आटपाडीत उतरल्यासारखं झालं. कारणही तेच आहे, ढग डोंगराच्या पश्चिमेलाच रिकामे होतात आणि पलीकडे पाऊस जेमतेम.

त्याच माळावर १९४३ मध्ये हॅनफर्डचा प्रकल्प उभा राहिला आणि नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथे तयार झालं. रिचलंडच्या शाळेच्या खेळाडूंना आजही 'बॉम्बर्स' म्हणतात आणि बोधचिन्हात अणुस्फोटाचा ढग आहे. आता सांगा, जमिनीखाली काय पुरलंय याबद्दल फार न बोलता शेजारधर्म पाळत राहणाऱ्या गावात व्हॅम्पायर नाही राहणार तर कुठे राहणार? लेखिका त्याच भागात राहते आणि ते कळतं. ऊन, धूळ, मोकळे प्लॉट, ट्रेलरची घरं. मर्सीही ट्रेलरमध्येच राहते, आणि तिच्या मागच्या अंगणातली मोडकी फोक्सवॅगन रॅबिट गाडी अॅडमच्या बंगल्यातून बरोब्बर दिसेल अशी उभी केलेली. तो फार शहाणपणा करायला लागला की ही जाऊन गाडीचा आणखी एखादा भाग काढते. मालिकेतली सर्वोत्तम प्रेमकथा माझ्या मते ती गाडीच.

जे आवडलं नाही तेही सांगतो, नाहीतर पंखा झालोय असं वाटेल. व्हॅम्पायरांच्या दरबारात स्टेफनची चौकशी होते, खरं बोलायला लावणारी एक खुर्ची आहे काट्यांची, तो प्रसंग जबरदस्त. पण त्यानंतर पुस्तक बसतं. मर्सी या घरून त्या घरी, माहिती विचारत फिरते, आणि प्रत्येक घरी कुणीतरी तिला व्हॅम्पायरांबद्दल पानभर समजावून सांगतं. शंभरेक पानं मी चहा करायला चार वेळा उठलो.

सॅम्युअल-अॅडम प्रकरणात भाचीचं बरोबर आहे. मर्सी सोळा वर्षांची असताना तिला पळवून न्यायला निघालेला, वयाने कित्येक शतकांचा सॅम्युअल. त्यामागे प्रेमापेक्षा जगणारी मुलं हवीत हा हिशोब जास्त. आणि आता तोच तिच्या ट्रेलरमध्ये बिऱ्हाड करून. यावर ती नीट चिडतसुद्धा नाही. लेखिकेला दोन्ही दारं उघडी ठेवायची होती, दुसरं काय.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मर्सीचे वडील ब्लॅकफीट, माँटानातल्या मूळनिवासी समाजाचे. ती वाढली लांडग्यांच्या गोऱ्या टोळीत, त्यामुळे तिला स्वतःबद्दल काहीच माहीत नाही. इथपर्यंत ठीक. पण दोन भाग होऊनही त्या समाजाचं एक माणूस धड समोर येत नाही, आणि लेखिका स्वतः त्या समाजाची नाही. याच मालिकेतल्या 'रिव्हर मार्क्ड'मध्ये, २०११ साली, ही बाजू उघडते. तोवर रक्ताचा वारसा म्हणजे एक सोयीची शक्ती, एवढंच उरतं. आपल्याकडेही कथेत वारली किंवा कातकरी म्हातारा आणून त्याच्या तोंडी दोन गूढ वाक्यं घालायची सवय आहेच की लेखकांना.

मुखपृष्ठाबद्दल वेगळं बोलायला हवं. आत मर्सीच्या अंगावर पंजाचा एक गोंदलेला ठसा आहे. बाहेर चित्रात हातभर गोंदण आणि कपडे बेताचे. मी किंडलवर ते चित्र वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "वेल्डिंग करायला लागल्यावर कळंल हिला."

शेवटाकडे येतो, कारण ग्रुपमध्ये खरी ठिणगी तिथेच पडली. लिटलटनला मर्सी मारते. तिथे पुस्तक संपायला हवं होतं असं तिघांचं मत. पण मग कळतं की लिटलटनला व्हॅम्पायर बनवणारा होता आंद्रे, दरबारातलाच एक मोठा माणूस. त्यांची राणी मार्सिलिया त्याला मारत नाही, आपल्या सोयीचं बघते. तेव्हा मर्सी स्वतः त्याला शोधून काढते आणि संपवते. कुणी सांगितलेलं नाही. रागाच्या भरात नाही. आठवडे घालवून, ठरवून.

मित्र म्हणाला, "हा खून आहे. नायिका आवडेनाशी झाली." भाची म्हणाली, "मग काय पोलिसात जायचं होतं?" मी दोन दिवस गप्प होतो. मला वाटतं तो खूनच आहे, आणि लेखिका तो झाकत नाही, हीच या भागाची हिंमत. त्या हॉटेलातल्या बाईचं देणं कुणाच्याच वहीत नव्हतं. व्हॅम्पायरांच्या नाही, लांडग्यांच्याही नाही. जिने पाहिलं होतं तिच्याच नावावर ते राहिलं. पुढच्या भागांत मर्सीला याची किंमत मोजावी लागते, ते तुम्हीच वाचा.

परवा वडिलांना ही सगळी गोष्ट सांगितली. वय झालंय, दुपारी बोलायला कुणीतरी लागतं. व्हॅम्पायर म्हणजे वेताळासारखं काहीतरी, एवढ्यावर त्यांनी समजून घेतलं. सैतान, दरबार, खुर्ची, सगळं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपले. मग म्हणाले,

"त्या वेताळाच्या बसचं इंजिन मागं असतंय न्हवं?"

हो म्हटलं, मागेच. हवेवर थंड होणारं.

"मग ते उन्हाळ्यात तापणार. तिकडं माळ हाय म्हणतोस." थोडा वेळ थांबून, "आता बस दुरुस्तीला आली तर पैसं लावंल का रं ती?"

मला उत्तर आलं नाही. ग्रुपवर विचारलंय. साडेसहा मिनिटांची व्हॉइस नोट आलीये, अजून ऐकली नाही.