चार बोल्ट आणि जागल्यांवरचा संशय

जून 2025 मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं बोइंग 787, म्हणजे ड्रीमलायनर, कोसळल्यानंतर एक मजकूर मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : बोइंगविरुद्ध बोलणारे जागले, म्हणजे कंपनीतले दोष आतून उघड करणारे कर्मचारी, हे सगळे कामावरून काढलेले, चिडलेले लोक आहेत; त्यांना पैसा हवा आहे; विमानं तपासायला सरकारी यंत्रणा आहेच; आणि विमानप्रवास एवढा सुरक्षित असताना ही माणसं उगाच लोकांचा विश्वास मोडतात. त्या विमानात डोंबिवली, बदलापूर, पनवेलकडची मुलंमुलीही कामावर होती. म्हणून हा मजकूर मला नुसता वाचून सोडून देता येत नाही.

"सगळे काढून टाकलेले." हे चूक आहे. गुणवत्तेच्या तक्रारी करणाऱ्या जॉन बार्नेट यांनी बोइंगमध्ये 32 वर्षं काढली आणि 2017 मध्ये ते निवृत्त झाले. सॅम सालेहपूर यांनी एप्रिल 2024 मध्ये अमेरिकी सिनेटसमोर ड्रीमलायनरच्या सांध्यांमधल्या फटींबद्दल साक्ष दिली, तेव्हा ते कंपनीच्या नोकरीतच होते. जोशुआ डीन यांना मात्र एप्रिल 2023 मध्ये काढलं. ते बोइंगला विमानांची धडं पुरवणाऱ्या, अमेरिकेतल्या विचिटाच्या स्पिरिट एअरोसिस्टिम्समध्ये गुणवत्ता तपासनीस होते. 737 मॅक्सच्या मागच्या दाब-भिंतीत (केबिनमधला हवेचा दाब धरून ठेवणारी भिंत) भोकं चुकीची पाडली जात आहेत, असं त्यांनी 2022 मध्येच दाखवून दिलं होतं. त्यांना काढल्यावर चारच महिन्यांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, दोन्ही कंपन्यांनी नेमका हाच दोष जाहीरपणे कबूल केला. माणूस चिडलेला असेलही, पण भोक वाकडं होतंच ना?

आता एड पिअर्सन. ते बोइंगच्या रेंटन इथल्या 737 कारखान्यात वरिष्ठ व्यवस्थापक होते. जून 2018 मध्ये त्यांनी वरिष्ठांना लिहिलं की कामगार थकले आहेत, सुटे भाग उशिरा येताहेत, कामं क्रम सोडून होताहेत, तेव्हा उत्पादन थांबवा. आपल्या कुटुंबाला बोइंगच्या विमानात बसवायला मन कचरतं, असंही त्यांनी त्यात लिहिलं. उत्पादन थांबलं नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये लायन एअरचं आणि मार्च 2019 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं 737 मॅक्स विमान कोसळलं. 346 माणसं गेली. या अपघातांच्या मुळाशी विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी एमकॅस ही नियंत्रण प्रणाली होती आणि पिअर्सन यांचं पत्र तिच्याविषयी नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. पण ते ज्याविषयी होतं, तेही पुढे घडलंच. 5 जानेवारी 2024 ला अलास्का एअरलाइन्सच्या 737 मॅक्स विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग सुमारे 14,800 फुटांवर उडून गेला. तपासात निघालं की रेंटनमध्ये रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी तो भाग उघडला होता आणि परत बसवताना त्याचे चारही बोल्ट लावलेच नव्हते. तो उघडल्याची नोंदही सापडली नाही. कामाचा क्रम बिघडला की काय होतं, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

"पैशासाठी बोलतात." अमेरिकेत विमान क्षेत्रातल्या जागल्यांना संरक्षण देणारा कायदा 2000 सालचा आहे. सूडाची कारवाई झाली तर 90 दिवसांत तक्रार करायची. मिळते ती नोकरी, बुडालेला पगार आणि झालेल्या हानीची भरपाई. कंपनीला झालेल्या दंडात वाटा मिळत नाही.

"सरकार तपासतंच की." कोणाच्या हातून? अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेने विमानांच्या प्रमाणपत्राचं बरंचसं काम कंपनीच्याच कर्मचाऱ्यांकडे सोपवलेलं असतं. एमकॅस एकाच सेन्सरच्या भरवशावर चालत होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. आपल्या दोन तांत्रिक वैमानिकांनी एफएएची फसवणूक केली, हे बोइंगने जानेवारी 2021 मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी झालेल्या करारात मान्य केलं. तपासणाऱ्याच्याच डोळ्यांत धूळ गेली, तर आतल्या माणसाशिवाय सांगणार कोण?

विमानप्रवास सुरक्षित आहे, हे मात्र खरं. पण तो आपोआप तसा झालेला नाही. वैमानिक, नियंत्रक, मेकॅनिक यांना आपल्या चुकाही नाव न फुटता कळवता याव्यात, म्हणून नासा 1976 पासून एक यंत्रणा चालवते. ज्या आकड्यांचा दाखला हा मजकूर देतो, त्यांच्यामागे अशी सांगणारी माणसंही आहेत.

उलट बाजूचाही एक मजकूर फिरतो : जागल्यांचे खून झाले आणि अहमदाबादचं विमान त्यांनी सांगितलेल्या दोषानेच पडलं. तोही पुढे पाठवू नका. बार्नेट यांचा मृत्यू आत्महत्या असल्याचं चार्ल्सटन पोलिसांनी चौकशीअंती सांगितलं; डीन संसर्गाने गेले. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच 'कटऑफ'वर, म्हणजे बंद स्थितीत, गेल्याची नोंद आहे. सांध्यांतल्या फटींशी त्याचा संबंध त्यात जोडलेला नाही. असल्या अफवांनी बार्नेट यांचं खरं म्हणणं झाकलं जातं. साउथ कॅरोलिनातल्या 787 च्या कारखान्यातल्या निदान 53 सदोष भागांचा ठावठिकाणा लागत नाही, हे त्यांच्या तक्रारीनंतर 2017 मध्ये एफएएलाही आढळलं होतं.

आणि विश्वास मोडण्याबद्दल. एप्रिल 2024 मध्ये त्याच कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याने 787 चे पंख धडाला जोडतात तिथल्या चाचणीत गडबड पाहिली आणि वरिष्ठांना सांगितली. चाचणी न करताच झाल्याच्या नोंदी केल्या गेल्या होत्या. या वेळी कंपनी स्वतःच एफएएकडे गेली आणि 787 च्या प्रमुखाने कामगारांना पाठवलेल्या पत्रात त्या सहकाऱ्याचं कौतुक केलं. बार्नेट सात वर्षं ज्या कारखान्यात तक्रारी करत राहिले, तो हाच.