खुलासा: ‘सीआयडी’ मालिकेतल्या इन्स्पेक्टर दयाची थप्पड आणि कबुलीजबाब

‘सीआयडी मालिकेत दाखवतात तसं, नव्या कायद्यात पोलिसांपुढची कबुली पुरावा धरतात’ हा मेसेज परवा मीही पुढे ढकलला होता. तो चुकीचा आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं (पुराव्याच्या नव्या कायद्याचं) कलम २३ काढून वाचलं: पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ हेच सांगत होतं. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून सुरा सापडला, तर तेवढ्यापुरतंच विधान चालतं. कबुलीसाठी मारहाण हा तर गुन्हाच. भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांच्या नव्या कायद्याच्या) कलम १२० खाली ७ वर्षांपर्यंत कैद. अटकेसाठी गेल्यावर ओळख सांगूनही आत घेतलं नाही, तर दार तोडणं मात्र कायद्यात बसतं. मालिकेत दारं तोडणारा दया तेवढ्यापुरता सुटला! जुना मेसेज कृपया थांबवा. जिथे पाठवलात तिथे हा टाका.