हट्टांनी हेगला सही केली, ते चुकलं का?

काल कट्ट्यावर 1949 च्या हेग परिषदेवरून चांगलीच जुंपली. इंडोनेशिया ही डचांची वसाहत; तिला सत्ता कशी सोपवायची ते या परिषदेत ठरलं, आणि इंडोनेशियाच्या बाजूने सही केली पंतप्रधान हट्टांनी.

“आपल्याच पाठीत घातलेल्या काठीचे पैसे कोणी भरतं का?” मास्तर तावातावाने म्हणाले. “डचांनी इंडोनेशियावर दोनदा सैन्य घातलं. डिसेंबर 1948 मध्ये राजधानी योग्यकर्ता घेतली, राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि हट्टांना कैद केलं. वर्ष उलटायच्या आत तेच हट्टा हेगला डच वसाहत सरकारचं 4.3 अब्ज गिल्डरचं (डच चलन) कर्ज इंडोनेशियाच्या माथी कबूल करतात. त्यात डचांचा लष्करी खर्चही आला!”

“डच 6 अब्जांच्या वर मागत होते, मास्तर,” वकील म्हणाले. “मध्यस्थ अमेरिकेचे कॉक्रन. त्यांनी आकडा खाली आणला, पण कर्ज घ्याच म्हणून दबावही आणला. हट्टांनी पैशात हार पत्करली आणि 27 डिसेंबरला सत्ता पदरात पाडून घेतली. 1956 मध्ये इंडोनेशियाने उरलेलं कर्ज नाकारलंच की!”

मला वकिलांचं पटत होतं. आधी राज्य हातात येऊ दे, हिशेब मागाहून. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा इंडोनेशियाच्या बाजूचा ठराव, दिल्लीत नेहरूंनी बोलावलेली परिषद, हे सगळं पाठीशी असताना बोलणी मोडली असती तर पुन्हा रक्तपातच होता.

इतका वेळ गप्प बसलेली ताई म्हणाली, “तुम्ही दोघंही कर्जापाशीच अडलात. पश्चिम न्यू गिनीचं, म्हणजे पापुअन लोकांच्या प्रदेशाचं काय? करारात लिहिलं, वर्षभरात बोलून ठरवू. ठरलं का? डच 1962 पर्यंत तिथेच. मग न्यूयॉर्कला करार झाला आणि मे 1963 मध्ये प्रदेश इंडोनेशियाकडे गेला. पापुआच्या लोकांना विचारलं 1969 मध्ये, तेही हजारएक निवडलेल्या माणसांना, लष्कराच्या पहाऱ्यात.”

वकिलांनी बाजू सोडली नाही. डच संसदेत दोन तृतीयांश मतं लागत होती, न्यू गिनीसाठी अडून बसलं असतं तर सगळा करारच पडला असता, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा खरा आहे.

पण मी ताईच्या बाजूला गेलो. कर्जाला आकडा होता, म्हणून ते नाकारता आलं. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेल्या माणसांच्या हातात काय होतं? ना हेगला त्यांची खुर्ची, ना न्यूयॉर्कला.

“अडचण डचांच्या संसदेची,” ताई म्हणाली, “मग तिची किंमत पापुअन लोकांनी का मोजायची?”

मास्तर पुन्हा 4.3 अब्जांवर आले. वकील म्हणाले, हट्टांपुढे दुसरा रस्ताच नव्हता. ताईच्या प्रश्नाला मात्र दोघांनीही उत्तर दिलं नाही.